भुंगीच्या उंचीवरच्या चिठ्ठ्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं गुडघे हे अंग गेल्या थंडीपासून रजेवर आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा.) डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या पत्रातून कळलं आणि जीव भांड्यात पडला. महिनाभर वाचायचं नाही, शिवायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. तू ऐकत असशील असं मला वाटत नाही, पण वाटून घ्यायला काय जातं? हे पत्र तुला शेजारच्या नर्सबाई वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही नमस्कार. कंसातला मजकूर त्यांनी जरा हळू आवाजात वाचावा, कारण तो फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझ्या आधीच्या पत्राचं उत्तर राहिलं याची दोन कारणं. एक म्हणजे माझा स्वभाव, जो तुला पाठ आहे. दुसरं म्हणजे गेले दोन महिने आमच्या घरात शिक्षणखातं उघडलं होतं आणि त्याचा मुख्याधिकारी मी होतो. (शिपाईही मीच.) भुंगीला तू पाहिलीस तेव्हा ती रांगत होती. आता ती बालवाडीच्या मोठ्या गटात आहे आणि सुट्टीनंतर पहिलीत जायची आहे. भुंगी हे नाव माझं, कारण बुटाचे बंद बांधताना, दूध पिताना, रुसताना, कशातही ती एकीकडे गुणगुणत असते. बालवाडी साडेबाराला सुटते. जेवण, भांडण आणि डुलकी उरकून बरोबर तीनला ती माझ्या खोलीत येते आणि पाचपर्यंत हलत नाही. ताई, माझ्या दिवसाला तास चोवीस असतात ते नावाला. कामाचे म्हणशील तर ते दोनच.

तर झालं काय, बालवाडीच्या बाईंनी सगळ्या पालकांना एक पत्रक धाडलं. मुलांना घरी वाचायला-लिहायला मदत करा. रोज पंधरा मिनिटं पुरे. ओरडू नका. घरातल्या वस्तूंवर त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावा आणि त्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. महिनाअखेर तपासणी होईल. पत्रक आमच्या सूनबाईंच्या हाती पडलं. ती औषधांच्या दुकानात औषधं देते, हे तुला ठाऊक आहेच. सकाळी दहाला जाते, संध्याकाळी सातला येते, आणि जगातल्या प्रत्येक बाटलीवर एकच नाव, ठळक, सरळ रेषेत असावं अशी तिची श्रद्धा आहे. तिने एका रात्रीत बत्तीस पुठ्ठे समान मापाचे कापले, यादी केली (दार, खिडकी, नळ, आरसा, कपाट, खुर्ची वगैरे) आणि म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर छान आहे. तुम्ही लिहा आणि दुपारी तिच्याकडून करून घ्या." मग थांबून म्हणाली, "नाही जमलं तरी हरकत नाही. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शिकवणी आहे. तीन ते पाच."

तीन ते पाच! ताई, शिकवणीवाल्यांना दिवसाचे दुसरे तास मिळाले नाहीत? मी म्हटलं, जमेल, न जमायला काय झालं, आणि माझा आवाज नको तितका मोठा निघाला असावा, कारण तुझी भावजय आतून म्हणाली, "अहो, तिला शिकवायचंय, शेजाऱ्यांना नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाई काढली, टाक काढला, पहिला पुठ्ठा समोर घेतला आणि लिहिलं, 'दार'. लिहून बघत बसलो. किती कोरडं दिसत होतं ते! तुला आठवतं ना, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी चौतीस वर्षं काय लिहिलं? "आज पाणी नाही." "उद्या पाणी उशिरा." "पाणी जपून वापरा." मोहल्ल्यामोहल्ल्यात माझं अक्षर लागायचं आणि ते वाचून लोक मला नव्हे, पण लिहिणाराला शिव्या द्यायचे. आणि एकीकडे डोक्यात आपल्या शाळेतला कवितेचा तास चाललेला. शेवटचा तास, फळ्यावर तिरकं ऊन, आणि मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरून एकेक ओळ सोडतायत, आपण साठ पोरं ती झेलून परत फेकतोय. त्या कवितांमध्ये, ताई, कुठलीही वस्तू स्वतःच्या नावाने आलेली मला आठवत नाही. चंद्र कधी नुसता चंद्र नसायचा, आणि नदीला तर नदी म्हणणं म्हणजे पाहुणीला "ए बाई" म्हणण्यासारखं. (तूच तेव्हा घरी माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचीस आणि दर तिसऱ्या अक्षराला चिमटा काढायचीस, कारण मी म्हणे अक्षर सोडून खिडकीतून बाहेर जायचो. जायचो, खरं आहे. चिमट्याची जागा अजून दुखते.)

तर मी 'दार' खोडलं आणि लिहिलं, 'जा, पण ये'.

मग हात थांबेना. खिडकी झाली 'आभाळाचा तुकडा'. आरसा झाला 'समोरचा शहाणा'. कपाट, 'अंधाराची घडी'. खुर्ची, 'बसलेली मांडी'. फ्रिजला 'गार पोट' केलं. नळापाशी आल्यावर चौतीस वर्षांचा सूड उगवला आणि लिहिलं, 'थेंबांची शाळा'. आमच्या दाराशेजारी एक खुंटी आहे, तिला सूनबाई आपली पिशवी अडकवते. यादीत फक्त 'खुंटी' होतं. मी लिहिलं, 'सातला परत येणारी'. जोडाक्षरं मात्र मी कटाक्षाने टाळली, ती भुंगीला अजून शिकवलेली नाहीत. तेव्हा माझ्यात मास्तर अगदीच नव्हता असं कुणी म्हणू नये.

बत्तीसच्या बत्तीस चिठ्ठ्या मी चौरंगावर बसून, सरकत सरकत, भुंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवल्या. आता तूच सांग, त्या उंचीवरचं दुसऱ्या कुणाला दिसणार? तुझी भावजय चष्म्याशिवाय वाचत नाही आणि चष्मा लावून वाकत नाही. चिरंजीव दिवसभर लिफ्टा दुरुस्त करतो, तो घरी आल्यावर सरळ उभादेखील राहत नाही. सूनबाई आली, दारातून नजर फिरवली, बत्तीस पुठ्ठे सरळ रेषेत दिसले, खूश झाली. म्हणाली, "वा बाबा!" मी वर बघत राहिलो.

आणि भुंगी! ताई, ती त्या चिठ्ठ्यांवर तुटून पडली. एकेक अक्षर बोटाने दाबत, गुणगुणत, घरभर. चौथ्या दिवशी मी सगळ्या काढून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि तिच्यापुढे टाकल्या. एक न चुकता तिने बत्तीसच्या बत्तीस वाचल्या आणि जागच्या जागी नेऊन लावल्या. मला भरून आलं. मी चहा मागितला. तुझ्या भावजयीने दिलादेखील, यावरून प्रसंगाचं मोल तुझ्या लक्षात यावं.

तपासणीच्या दिवशी सूनबाईने अर्धा दिवस रजा काढली. मीही गेलो. (कोणी बोलावलं नव्हतं.) वर्ग बघून हसू आलं. एवढ्याएवढ्याशा खुर्च्या, त्यांवर आम्ही बसलेलो, गुडघे कानाला टेकलेले. वर्गातही वस्तूंवर चिठ्ठ्या होत्या. बाईंनी भुंगीला सांगितलं, फिर आणि वाच. भुंगी दारापाशी गेली, 'दार' वाचलं, चिठ्ठीची कड उचलून मागे बघितलं आणि बाईंकडे वळून अगदी काळजीने विचारलं, "एवढंच?"

मग फळ्याशी. 'फळा.' "एवढंच?"

बाईंनी शांतपणे चित्रांचा गठ्ठा काढला. खिडकीचं चित्र. भुंगी म्हणाली, आभाळाचा तुकडा. नळाचं चित्र. थेंबांची शाळा. खुर्ची. बसलेली मांडी. आरसा दाखवल्यावर ती आधी हसली, मग म्हणाली, समोरचा शहाणा, आणि बाईंकडे बोट केलं, कारण त्या समोर होत्या. बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे चिठ्ठी नव्हती. शेवटी बाईंनी पेन्सिल दिली, म्हणाल्या, आता 'दार' लिहून दाखव. भुंगीने दाराकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं आणि म्हणाली, "दार दिसतंय की. मग लिहायचं कशाला?"

ताई, चौतीस वर्षं लिहीत होतो, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बाईंनाही पडला नसावा, कारण त्यांनी वहीत लिहिलं, "वाचते, पण भलतेच. लिहीत नाही." आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणाल्या. तोवर मुलीने पाच शब्द स्वतःच्या हाताने लिहायला हवेत, नाहीतर पहिलीत जड जाईल, सरळ शिकवणी लावा.

घरी आल्यावर सूनबाईने पदर खोचला, टॉर्च घेतला आणि गुडघ्यांवर बसून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत बत्तीस चिठ्ठ्या वाचल्या. मुदत संपलेलं औषध शोधताना वाचतात तशा. मग उठली आणि म्हणाली, "बाबा, उद्या मी खोकल्याच्या बाटलीवर 'खोकल्याची अंगाई' असं लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, नाही चालणार. (मनात म्हटलं, काय सुंदर लिहिलंस पोरी! आणि ते नंतर वहीत टिपूनही ठेवलं. तिला सांगू नकोस.) ती म्हणाली, "हिला जगात सगळ्यांबरोबर राहायचंय. तहान लागली तर 'थेंबांची शाळा कुठाय' असं विचारणार का ती?" यावर तुझी भावजय हसली, आणि तिचं हसणं दाराआड जाऊनही थांबेना. सूनबाई खुंटीपाशी घुटमळली. ती चिठ्ठी तिने दोनदा वाचली असावी. म्हणाली, "ही राहू दे. बाकीच्या काढा." आणि शिकवणीचा अर्ज आणून फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला. माझ्या उंचीवर.

झालं! मी एकतीस चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. दार. खिडकी. नळ. भुंगीने त्या एका फेरीत, जोडाक्षरं तेवढी मला विचारून, वाचून संपवल्या आणि विचारलं, "आता?" आता लिही, म्हटलं. नाही, म्हणाली. का? दिसतंय की. मी गिरवायला दिलं, तिने गिरवलेल्या अक्षरांना पाय काढून त्यांना चालायला लावलं. मी लाडीगोडी लावली, बिस्किटाची लाच दिली (खाल्लं), रागावलो (हसली), तुझा चिमटासुद्धा आठवून पाहिला, पण बोटं पुढे होईनात. पंधरा मिनिटांचा अभ्यास दीड तास चाले आणि त्यात अक्षर एकही उमटत नसे. दुपारचे ते दोन तास, ज्यांसाठी हा सगळा आटापिटा, तेच आता आम्हा दोघांना नकोसे व्हायला लागले. एकदा तर तीन वाजले तरी ती आली नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर आजीजवळ बसून वाटाणे सोलत होती. मला बघून म्हणाली, "मला काम आहे, आजोबा." ताई, त्या दिवशी फ्रिजवरचा अर्ज मी स्वतः काढून भरायला घेतला होता. नावापर्यंत आलो, पेन ठेवलं आणि अर्ज परत जागी लावला.

पुढचं ऐक. तपासणीला सहा दिवस उरले असतील. सकाळी अकराला खालचा पहारेकरी सांगून गेला की टाकी धुवायला घेतलीय, चारपर्यंत पाणी येणार नाही. माझा हात, ताई, चौतीस वर्षांचा मुरलेला. डोकं कुठेतरी दुसरीकडेच होतं, पण हाताने कपाटातून कागद काढला. (निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं आणि कारकुनाने कोऱ्या सूचनांचा एक गठ्ठा, माथ्यावर 'जाहीर सूचना' असं ठसठशीत छापलेला, रद्दीत जायचाच होता म्हणून. घड्याळ केव्हाच बंद पडलं.) त्यावर मी लिहिलं, "आज पाणी नाही", आणि सवयीने नेऊन नळाशेजारी चिकटवलं. सवय म्हणजे आता नवी सवय, भुंगीच्या उंचीवर.

साडेबाराला भुंगी आली, हात धुवायला गेली, आणि तिची गुणगुण थांबली. मी बघायला गेलो. ती कागदासमोर उभी होती. बोटाने अक्षरं दाबत तिने वाचलं. माझ्याकडे संशयाने बघितलं. मग स्टुलावर चढून नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला, बस्स. भुंगीने नळ बंद केला, पुन्हा कागद वाचला, पुन्हा नळ सोडला. आणि तिचे डोळे इतके मोठे झाले की विचारू नकोस. म्हणाली, "आजोबा, याला आधीच माहीत होतं?"

कुणाला? म्हटलं.

"चिठ्ठीला! मला नव्हतं माहीत. नळाला पण नव्हतं. चिठ्ठीला माहीत होतं!"

त्याच सुमारास न्हाणीघरातून तुझ्या भावजयीचा आवाज आला. ती तोंडाला साबण लावून बसली होती. मी म्हटलं, अगं, सूचना लावलीय की! ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला सांगितलीत का?" पिण्याच्या पाण्यातून तांब्याभर पाणी देऊन मी तिची सुटका केली. पण माझं लक्ष भुंगीकडे होतं. तिने माझ्या कपाटातला गठ्ठा शोधून काढला होता आणि 'जाहीर सूचना'च्या खाली, जिभेचं टोक बाहेर काढून, ती काहीतरी लिहीत होती. मी पुढे झालो नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. वीस मिनिटांनी तिने तो कागद फ्रिजवर नेऊन लावला. "दूध नाही."

मी फ्रिज उघडला. दूध काठोकाठ होतं. म्हटलं, आहे की गं. ती म्हणाली, "मला नकोय." संध्याकाळी चिरंजीव आला. त्याचा जन्म 'लिफ्ट बंद आहे' अशा पाट्या लावण्यात गेला, त्यामुळे पाटी दिसली की तो विचार करत नाही, वागतो. तो आल्या पावली फिरला आणि तीन पिशव्या दूध घेऊन आला. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी भुंगीला दुप्पट दूध प्यावं लागलं. पेला संपवून तिने ओठांवरची साय पुसली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, नीट लिहायला लागतं हां. लोक ऐकतात."

एवढं शहाणपण मला कचेरीत यायला अकरा वर्षं गेली होती.

मग काय, घरात सूचनांचा पूर आला. न्हाणीघराच्या दारावर "आत आजी". माझ्या खाटेवर "आजोबा घोरतात". वाटाण्यांच्या टोपलीवर "मी सोलणार". तुझ्या भावजयीच्या चष्म्याच्या डबीवर "चषमा आजीचा", आणि ती डबी उघडून तुझी भावजय, पहिल्यांदाच, चष्मा लावून खाली वाकली आणि घरभर वाचत सुटली. गुडघ्याचं नावसुद्धा घेतलं नाही. आणि मी, ज्याने उभा जन्म त्या कोरड्या ओळींची लाज बाळगली, तो मी दुपारी तीन ते पाच भुंगीला पेन्सिलींना टोकं करून देत होतो. आभाळाच्या तुकड्याचं तिने एकदाही नाव काढलं नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. चहा होईपर्यंत.

आता तपासणीचा दिवस. भुंगी सकाळी चिरंजिवाबरोबर शाळेत गेली. सूनबाई आणि मी ठरल्याप्रमाणे अकराला पोचलो. बघतो तर वर्गात विसातली सहा मुलं, आणि बाई फोन कानाला लावून येरझारा घालतायत. "अहो, नाही हो! शाळा आहे! कोणी सांगितलं नाही म्हणून?" माझी नजर वर्गाच्या दारावर गेली. खाली. बालवाडीच्या उंचीवर. माथ्यावर ठसठशीत 'जाहीर सूचना', आणि खाली, एकमेकांना धक्के देत उभ्या राहिलेल्या अक्षरांत, "आज शाळा नाही".

सूनबाईनेही तेव्हाच वाचलं. ती फक्त "बाबा" म्हणाली. ताई, आपल्या आईने मला हौदात पडलेला बघितल्यावर हाक मारली होती, तो सूर.

मला डोळ्यांपुढे समोरच्या इमारतीचा तिसरा मजला दिसायला लागला. बाईंनी फोन ठेवला, कागद काढून आणला आणि विचारलं, हा कागद तुमचा का? मी म्हटलं, कागद माझा, मजकूर माझा नाही. (कचेरीत हे उत्तर नेहमी चालायचं.) बाई भुंगीपुढे उकिडव्या बसल्या. हे कुणी लिहिलं? "मी." कुणी सांगितलं लिहायला? "कुणी नाही." मग का लिहिलंस गं? भुंगीला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. म्हणाली, "आज तपासणी आहे ना? म्हणजे शिकवणार नाही. मग शाळा नाही. सगळ्यांना कळायला नको?"

बाईंच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. डोळे पुसून सूनबाईला म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, मी याच दारावर 'चपला रांगेत ठेवा' असं लावलंय. एकाही पालकाने वाचलेलं नाही. हिचं चौदा जणांनी वाचलं आणि ऐकलं!" (अक्षर वाईट असलं तरी बातमी चांगली असली, की माणूस विश्वास ठेवतो.) मग त्यांनी भुंगीला नवा कागद दिला आणि म्हणाल्या, आता खरं लिही. भुंगी जमिनीवर पालथी पडून, गुणगुणत, लिहायला लागली. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे. "आज शाळा आहे." तिने तो वाचला, स्वतःच दारावर लावला, आणि मागे सरून सरळ लागलाय का ते पाहिलं. नेमकी तिची आई बघते तसं, मान तिरकी करून. सूनबाईने पिशवीत रुमाल शोधायला सुरुवात केली. बाईंनी वहीत शेरा मारला: "वाचन येते. लेखन येते. घरी थोडे आवरावे." आणि निघताना मला हळूच विचारलं, असे पाच-दहा कोरे कागद मिळतील का?

घरी येऊन सूनबाईने शिकवणीचा अर्ज फ्रिजवरून काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भुंगीने लगेच एक सूचना काढली. अशा तऱ्हेने आमचं शिक्षणखातं यशस्वी झालं. घरात सगळे खुशाल आहेत. तुझी भावजय नमस्कार सांगते आणि मोहरी जपून खा म्हणते. का ते मला विचारू नकोस, मी फक्त लिहितो.

तुझा,
धाकटा

ता. क. यश पूर्ण झालं असं वर लिहिलं खरं. त्याच संध्याकाळी सूनबाई पहिलीचं वेळापत्रक घेऊन आली. सकाळी आठ ते दुपारी साडेचार. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. शिकवणीला हरवलं म्हणून मी मिरवत होतो, आणि पोरीला वाचायला शिकवून शिकवून ते दोन तास मीच शाळेच्या हवाली केले. तुझी भावजय म्हणाली, "शिडी तुम्हीच लावलीत. आता माडीवर गेली म्हणून खाली बसून रडू नका." रडत नाहीये. सुट्टी संपायला अजून अवकाश आहे.

ता. क. २. खरं तर हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. तुझ्या डोळ्यावर पट्टी आहे आणि नर्सबाईंना ड्युट्या असतात. शाळा सुरू झाली की मी महिनाभर तुझ्याकडे येऊन राहू का? दुपारी तीन ते पाच तुला वाचून दाखवीन. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता मला सगळ्या पाठ आहेत, चालीसकट. मी घोरतो, हे वर आलंच आहे. चिमटे काढणार नसशील तर कळव.

ता. क. ३. मी उठून पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात हे पत्र वाचलं गेलं आहे. (जोडाक्षरं सोडून.) वाचणारीने खाली स्वतःचा मजकूर घातला आहे आणि तो खोडू देत नाही. वरील व खालील मजकुरात तफावत आढळल्यास खालचा ग्राह्य धरावा. नर्सबाईंनी हा भाग वाचू नये. कागद ताईच्या हातात द्यावा. अक्षरं मोठी आहेत, पट्टीखालूनही दिसतील.

ताई आजी
आजोबा येणार नाही
तू ये